‘थकणे’ आणि स्नायूंचे बळ

‘आई आता फार थकली’ असे आपण म्हणतो, तेव्हा ‘थकणे’ ह्या एका क्रियापदात श्रम आणि वार्धक्य असे दोन अर्थ एकत्र आलेले असतात. श्रमाने थकलेला मनुष्य विश्रांतीने पूर्ववत होतो. वयाने थकलेल्यालाही आपण तोच उपाय सांगतो. ‘तुम्ही आता काही करू नका, स्वस्थ बसा’ हे आदराने उच्चारलेले वाक्य पुष्कळदा त्या व्यक्तीच्या पायांतील उरलेसुरले बळ घालविण्यास कारण होते. कारण वापराविना स्नायू अधिकच दुर्बळ होतात. वार्धक्यातील ह्या स्नायुदौर्बल्यास वैद्यकात ‘सार्कोपेनिया’ म्हणतात.

ही संज्ञा अर्विन रोझेनबर्ग ह्या अमेरिकन संशोधकाने सुचविली व ती १९८९ मध्ये छापील रूपात आली. ग्रीक भाषेत ‘सार्क्स’ म्हणजे मांस आणि ‘पेनिया’ म्हणजे दारिद्र्य. चरक-सुश्रुतांच्या संहितांतील ‘मांसक्षय’ हा शब्द रचनेने तिला जवळचा आहे. परंतु ‘क्षय’ म्हटले की मराठी वाचकास फुप्फुसाचा रोग आठवतो. ‘पेशी’ ह्या शब्दाची अडचण तर याहून मोठी. सुश्रुताची ‘पेशी’ म्हणजे आपला स्नायू, आणि हिंदीतही ‘मांसपेशी’ हाच शब्द रूढ आहे. मराठीत मात्र पेशी म्हणजे सजीव शरीराचा सूक्ष्म घटक. हिंदी आरोग्यपत्रके मराठीत आणणाऱ्यांनी येथे सावध असावे.

तथापि मूळ संज्ञेतच एक दोष राहून गेला आहे. तिचा भर मांसावर आहे. आणि वाढत्या वयात बळ मांसापेक्षा लवकर घटते. मज्जारज्जूतून स्नायूंना चालना देणाऱ्या चेतापेशी कमी होतात आणि झटपट आकुंचन पावणारे तंतू विशेषेकरून बारीक होतात. पाय अडखळल्यावर तोल सावरण्यास ह्याच तंतूंचा उपयोग असतो. १९९० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला एक प्रयोग येथे बोलका आहे. वृद्धाश्रमात राहणाऱ्या, नव्वदीच्या आसपासच्या दहा व्यक्तींकडून आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम करविण्यात आला. तो पुरा करणाऱ्या नऊ जणांचे बळ सरासरीने १७४ टक्क्यांनी वाढले; मांडीतील स्नायूंचे क्षेत्रफळ मात्र ९ टक्क्यांनीच. पुढे २०१८ मध्ये युरोपीय तज्ज्ञगटाने व्याख्या सुधारून बळास पहिले स्थान दिले. आशियाई गटाच्या २०१९ च्या निकषांप्रमाणे हाताच्या पकडीचा जोर पुरुषांत २८ व स्त्रियांत १८ किलोग्रॅमपेक्षा कमी असेल, तर तो क्षीण समजावा.

मराठी बोलीचा कल प्रथमपासून बळाकडेच आहे. ‘हिंडतेफिरते’, ‘हातीपायी धड’ हे शब्दप्रयोग मनुष्याच्या मांसाविषयी काही सांगत नाहीत; तो काय करू शकतो एवढेच सांगतात. ह्याहून नेमकी आहे ती आपली शक्यार्थक रचना. ‘मी उठत नाही’ आणि ‘मला उठवत नाही’ ह्यांत इच्छा आणि सामर्थ्य ह्यांचा स्पष्ट भेद आहे. ‘मला जिना चढवत नाही’ हे वाक्य वैद्याने तक्रार म्हणून नव्हे, निदानाचा प्रारंभ म्हणून ऐकावे, असे मला वाटते. मात्र ते असामर्थ्याचे कारण सांगत नाही. दुखते म्हणून चढवत नाही, दम लागतो म्हणून, की पायच उचलत नाहीत, हे पुढे विचारावेच लागते. पहिल्या दोन उत्तरांची वाट सांध्यांकडे वा हृदय-फुप्फुसांकडे जाऊ शकते.

‘सार्क-एफ’ ही २०१३ मध्ये मांडली गेलेली पाच प्रश्नांची चाचणी ओझे उचलणे, चालणे, खुर्चीवरून उठणे, जिना चढणे आणि पडणे ह्यांविषयी विचारते. तिचे भाषांतर अवघड नाही. परंतु ज्या घरांत जेवण, पूजा, भाजी निवडणे ही कामे जमिनीवर बसून होतात, तेथे खुर्चीचा प्रश्न फार उशिरा लागू पडतो. जमिनीवरून उठवेनासे झाले की वृद्ध व्यक्ती पाटाऐवजी खुर्ची मागून घेते, घरची माणसे ती आणून देतात, आणि गेलेले बळ कोणाच्या ध्यानात येत नाही. म्हणून खुर्चीच्या प्रश्नाआधी ‘जमिनीवरून उठताना हात कशावर टेकता?’ असे विचारावे, आणि खुर्ची घरात केव्हापासून लागू लागली, हेही विचारावे.