महासाथीमुळे खंडित झालेल्या फुटबॉल हंगामाची सांगता

महासाथीमुळे खंडित झालेल्या फुटबॉल हंगामाची सांगता म्हणजे साथरोगाच्या कारणाने मध्येच थांबलेल्या साखळी स्पर्धेचा निकाल लावण्यासाठी स्पर्धेच्या आयोजकांनी अवलंबलेली पद्धत होय. कोविड-१९ च्या साथीमुळे २०१९-२० चा हंगाम जगभर थांबला, तेव्हा हा प्रश्न एकाच वेळी बहुतेक देशांसमोर उभा राहिला. उरलेले सामने नंतर खेळवणे, झालेल्या सामन्यांच्या आधारे क्रमवारी ठरवणे, संयुक्त विजेते घोषित करणे आणि संपूर्ण हंगाम रद्द करणे असे चार मार्ग प्रामुख्याने वापरले गेले. भारतात आय-लीग, गोवा प्रोफेशनल लीग आणि संतोष करंडक या स्पर्धांची सांगता तीन वेगवेगळ्या प्रकारांनी झाली.

पार्श्वभूमी

जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविड-१९ ही महासाथ असल्याचे जाहीर केले. त्या सुमारास युरोपातील बहुतेक साखळी स्पर्धा शेवटच्या टप्प्यात होत्या. भारतात इंडियन सुपर लीगचा केवळ अंतिम सामना उरला होता. मडगावजवळील फातोर्डा येथील जवाहरलाल नेहरू स्टेडियममध्ये १४ मार्च २०२० रोजी तो प्रेक्षकांविना झाला आणि कोलकात्याच्या एटीके संघाने चेन्नईयिन एफसीचा ३-१ असा पराभव केला. त्याच दिवशी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने देशातील उर्वरित स्पर्धा १५ मार्चपासून स्थगित केल्या. पुढे २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली.

साखळी स्पर्धेत प्रत्येक संघ इतर प्रत्येक संघाशी सहसा दोनदा खेळतो, एकदा स्वतःच्या मैदानावर आणि एकदा प्रतिस्पर्ध्याच्या. सर्वांनी सर्वांशी समान सामने खेळले, तरच अंतिम गुणतालिका न्याय्य मानली जाते. हंगाम मध्येच थांबला की हे संतुलन बिघडते. कोणाचे सामने कमी झालेले असतात, तर कोणाचे बलाढ्य संघांविरुद्धचे सामने अद्याप बाकी असतात.

हंगामातून ठरणाऱ्या बाबी

साखळी हंगामातून केवळ विजेता ठरत नाही. सर्वसाधारणपणे चार गोष्टींचा निर्णय होतो: विजेतेपद, वरच्या श्रेणीत बढती, खालच्या श्रेणीत पदावनती आणि खंडीय स्पर्धेतील प्रवेश. या चारही बाबी एकाच निकषाने ठरवल्या पाहिजेत, असे बंधन नसते. अनेक संघटनांनी विजेता घोषित केला, मात्र पदावनती स्थगित ठेवली. नेदरलँड्समध्ये विजेता ठरवला गेला नाही, तरी युरोपीय स्पर्धांतील जागा गुणतालिकेनुसार दिल्या गेल्या. युरोपीय फुटबॉल महासंघाने (युएफा) एप्रिल २०२० मध्ये सदस्य संघटनांना दिलेल्या मार्गदर्शनातही खंडीय स्पर्धांतील प्रवेश मैदानावरील कामगिरीवरच आधारलेला असावा, अशी अपेक्षा व्यक्त केली होती.

सांगतेच्या पद्धती

उरलेले सामने खेळवणे

हा मार्ग निकालाच्या दृष्टीने सर्वांत निर्विवाद असला, तरी खर्चिक आहे. जर्मनीतील बुंडेसलिगा १६ मे २०२० रोजी, तर इंग्लंडमधील प्रीमियर लीग १७ जून २०२० रोजी प्रेक्षकांविना पुन्हा सुरू झाली. प्रीमियर लीगचे ९२ सामने बाकी होते. स्थगितीच्या वेळी लिव्हरपूल २५ गुणांनी आघाडीवर असूनही त्याचे विजेतेपद गणिताच्या दृष्टीने निश्चित नव्हते, ते २५ जून रोजी निश्चित झाले.

या मार्गासाठी काही नियम बदलावे लागले. अनेक खेळाडूंचे करार ३० जून रोजी संपत असल्याने ते हंगामाच्या प्रत्यक्ष समाप्तीपर्यंत वाढवावेत, अशी शिफारस फिफाने केली. थोड्या दिवसांत अनेक सामने खेळावे लागणार असल्याने तीनऐवजी पाच बदली खेळाडूंना तात्पुरती परवानगी मिळाली. युएफा चॅम्पियन्स लीगमध्ये उपांत्यपूर्व फेरीपासून दोनऐवजी एकच लढत ठेवून सर्व सामने ऑगस्टमध्ये लिस्बन शहरात घेण्यात आले.

प्रति सामना सरासरी गुण

संघांनी खेळलेल्या सामन्यांची संख्या असमान असेल, तर एकूण गुणांना सामन्यांच्या संख्येने भागून सरासरी काढली जाते आणि त्यानुसार क्रम लावला जातो. फ्रान्स, स्कॉटलंड आणि इंग्लंडच्या खालच्या श्रेणींत ही पद्धत वापरली गेली.

पद्धत सोपी असली, तरी तिचे परिणाम मोठे असू शकतात. इंग्लंडच्या तिसऱ्या श्रेणीत (लीग वन) वायकोम वॉन्डरर्सचे ३४ सामन्यांत ५९ गुण होते आणि तो संघ आठव्या स्थानी होता. पीटरबरो युनायटेडचे ३५ सामन्यांत तेवढेच गुण होते आणि तो सहाव्या स्थानी होता. सरासरी काढल्यावर वायकोमचा आकडा सुमारे १.७४, तर पीटरबरोचा सुमारे १.६९ झाला. वायकोम तिसऱ्या स्थानी पोहोचला, पीटरबरो सातव्या स्थानी घसरला आणि बढतीसाठीच्या निर्णायक लढतींतून बाहेर पडला. वायकोमने त्या लढती जिंकून आपल्या इतिहासात प्रथमच दुसऱ्या श्रेणीत प्रवेश मिळवला.

स्कॉटलंडच्या दुसऱ्या श्रेणीत पार्टिक थिसलचे २७ सामन्यांत २६ गुण होते, तर त्याच्या लगेच वर असलेल्या क्वीन ऑफ द साउथचे २८ सामन्यांत २८. बाकी राहिलेला एक सामना जिंकला असता, तर पार्टिकचे २९ गुण झाले असते. सरासरीच्या हिशेबाने मात्र तो तळाशी राहिला आणि त्याची पदावनती झाली. पहिल्या श्रेणीतून पदावनत झालेल्या हार्ट्ससह त्याने या निर्णयाला आव्हान दिले, पण लवादाने ते अमान्य केले.

संयुक्त विजेतेपद

दोन संघांत निर्णय करण्यास पुरेसा आधार नसेल, तर दोघांनाही विजेते घोषित केले जाते. गोवा प्रोफेशनल लीगच्या २०१९-२० हंगामात चर्चिल ब्रदर्स आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा हे संयुक्त विजेते ठरले. विजेतेपद वाटून देता येत असले, तरी बढतीची किंवा खंडीय स्पर्धेतील एकमेव जागा वाटून देता येत नाही, ही या मार्गाची मर्यादा आहे.

हंगाम रद्द करणे

या पद्धतीत विजेता, बढती आणि पदावनती यांपैकी काहीच ठरत नाही. नेदरलँड्समधील एरेडिव्हिसी २४ एप्रिल २०२० रोजी थांबवण्यात आली, तेव्हा अयाक्स आणि एझेड या दोन्ही संघांचे ५६ गुण होते. कोणालाही विजेता घोषित केले गेले नाही. दुसऱ्या श्रेणीत पहिल्या दोन स्थानांवर असलेल्या काम्बूर आणि डी ग्राफस्काप या संघांना बढती नाकारली गेली. इंग्लंडमध्ये नॅशनल लीगखालील अनेक श्रेणींचे त्या हंगामातील निकालच पुसून टाकण्यात आले. भारतात २०१९-२० च्या संतोष करंडकाची अंतिम फेरी मिझोरममध्ये व्हायची होती. ती आधी पुढे ढकलली गेली आणि नंतर रद्द झाली.

भारतातील आय-लीग

आय-लीगच्या २०१९-२० हंगामात ११ संघ होते आणि प्रत्येकाचे २० सामने व्हायचे होते. मोहन बागानने १० मार्च २०२० रोजी कल्याणी येथे आयझॉल एफसीला १-० असे हरवून चार सामने शिल्लक असतानाच विजेतेपद निश्चित केले. त्याचे १६ सामन्यांत ३९ गुण झाले होते. त्यामागील ईस्ट बंगाल आणि पंजाब एफसी यांचे प्रत्येकी १६ सामन्यांत २३ गुण होते. उरलेले चारही सामने जिंकले, तरी त्यांचे ३५ पेक्षा अधिक गुण होऊ शकत नव्हते. स्पर्धा थांबली तेव्हा २८ सामने बाकी होते. त्यांत १५ मार्च रोजी ठरलेली मोहन बागान विरुद्ध ईस्ट बंगाल ही लढतही होती.

महासंघाच्या लीग समितीची बैठक १८ एप्रिल २०२० रोजी दूरदृश्य प्रणालीद्वारे झाली. तिच्या शिफारशींनुसार हंगाम तेथेच संपवण्यात आला, मोहन बागानला विजेता घोषित करण्यात आले, कोणत्याही संघाची पदावनती झाली नाही आणि विजेत्याचे पारितोषिक वगळता उरलेली बक्षिसाची रक्कम इतर १० संघांत समान वाटण्याचे ठरले. विजेतेपद मैदानावर ठरलेले होते, म्हणून ते दिले गेले. दुसरा ते अकरावा क्रम ठरलेला नव्हता, म्हणून त्या क्रमावर आधारित बक्षीस आणि शिक्षा दोन्ही टाळण्यात आल्या.

द्वितीय श्रेणीचा हंगाम मात्र अपुरा होता आणि त्यातून वर येणारा संघ ठरलेला नव्हता. त्यासाठी ऑक्टोबर २०२० मध्ये पश्चिम बंगालमध्ये पाच संघांची स्वतंत्र पात्रता स्पर्धा घेण्यात आली. ती मोहमेडन स्पोर्टिंगने जिंकली आणि आय-लीगमध्ये प्रवेश केला.

गोव्यातील बंदिस्त हंगाम

एफसी गोवाने फेब्रुवारी २०२० मध्येच इंडियन सुपर लीगच्या साखळी फेरीत पहिले स्थान मिळवले होते. त्यामुळे एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत पोहोचणारा तो पहिला भारतीय संघ ठरला. साखळी फेरी साथीपूर्वीच पूर्ण झालेली असल्याने या प्रवेशाविषयी वाद उद्भवला नाही.

पुढचा हंगाम पुन्हा खंडित होऊ नये म्हणून २०२०-२१ ची संपूर्ण स्पर्धा गोव्यातच खेळवण्यात आली. फातोर्डा, बांबोळी आणि वास्को येथील टिळक मैदान अशा तीन मैदानांवर २० नोव्हेंबर २०२० ते १३ मार्च २०२१ या काळात ११ संघांचे ११५ सामने झाले. खेळाडू, प्रशिक्षक व कर्मचारी यांना बाहेरील संपर्कापासून अलग ठेवणाऱ्या जैवसुरक्षित परिघात राहावे लागले. अंतिम सामन्यात मुंबई सिटी एफसीने एटीके मोहन बागानला २-१ असे हरवले. सर्व सामने एकाच राज्यात झाल्याने स्वतःच्या मैदानावर खेळण्याचा फायदा बहुतेक संघांना मिळाला नाही, मात्र सर्व सामने पूर्ण होऊ शकले.

हा उपाय सर्वत्र यशस्वी झाला नाही. आय-लीगचा २०२१-२२ हंगाम २६ डिसेंबर २०२१ रोजी अशाच परिघात सुरू झाला, पण संसर्ग आढळल्याने काही दिवसांतच थांबवावा लागला. तो मार्च २०२२ मध्ये पुन्हा सुरू होऊन मे महिन्यात पूर्ण झाला. या वेळी हंगाम नुकताच सुरू झालेला असल्याने थांबून पुढे खेळणे शक्य होते.

महिला आशिया चषक २०२२

साथीमुळे संपूर्ण स्पर्धा न थांबता एखादा संघच खेळू शकला नाही, तर काय करावे, या प्रश्नाचे ठळक उदाहरण महाराष्ट्रात घडले. एएफसी महिला आशिया चषक जानेवारी-फेब्रुवारी २०२२ मध्ये नवी मुंबईतील डी. वाय. पाटील स्टेडियम, मुंबईतील अंधेरी येथील मैदान आणि पुण्यातील बालेवाडी क्रीडासंकुल येथे झाला. ही स्पर्धा २०२३ च्या महिला विश्वचषकाची पात्रता स्पर्धाही होती.

यजमान भारताने २० जानेवारी रोजी इराणशी ०-० अशी बरोबरी साधली. त्यानंतर संघातील अनेक खेळाडूंना संसर्ग झाल्याचे आढळले आणि २३ जानेवारी रोजी चिनी तैपेईविरुद्ध किमान १३ खेळाडू उपलब्ध करून देणे संघाला शक्य झाले नाही. आशियाई फुटबॉल महासंघाच्या साथकालीन विशेष नियमांनुसार अशा संघाने स्पर्धेतून माघार घेतली असे मानले जात असे. त्यामुळे भारत स्पर्धेबाहेर गेला, इराणशी झालेला सामनाही हिशेबातून वगळला गेला आणि मायदेशातून विश्वचषकाला पात्र ठरण्याची संधी संपली.

भारताच्या गटात तीनच संघ उरल्याने दुसरी अडचण निर्माण झाली. उपांत्यपूर्व फेरीत तिसऱ्या क्रमांकाच्या तीन संघांपैकी सर्वोत्तम दोघांना प्रवेश होता, पण इतर गटांतील संघांनी एक सामना अधिक खेळलेला होता. तुलना समान व्हावी म्हणून त्या गटांतील चौथ्या क्रमांकाच्या संघांविरुद्धचे निकाल या हिशेबापुरते विचारात घेतले गेले नाहीत.

वाद

सांगतेच्या निर्णयांवरील मुख्य आक्षेप पद्धतीपेक्षा ती निवडण्याच्या वेळेविषयी होता. निर्णय घेताना गुणतालिका सर्वांसमोर असते आणि अनेक ठिकाणी त्यावर मत देणारे संघच त्या निर्णयाचे लाभार्थी किंवा बळी असतात. फ्रान्समध्ये १० फेऱ्या बाकी असताना हंगाम संपवला गेला. एमियाँ आणि तुलूझ यांच्या पदावनतीला तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने जून २०२० मध्ये स्थगिती देऊन फेरविचाराचा आदेश दिला. नंतर २० संघांचीच रचना कायम ठेवण्यात आल्याने पदावनती टिकून राहिली.

पूर्वलिखित नियम असला म्हणजे निकाल सुखद होतो असे नाही. महिला आशिया चषकात तो यजमानांच्याच विरोधात गेला. मात्र तेथे संसर्ग कोणाला होईल हे ठाऊक नसताना नियम ठरला होता आणि तो सर्व संघांना सारखाच लागू होता. स्थगितीनंतर निवडलेल्या पद्धतींबाबत हे म्हणता येत नाही. त्यामुळे किती सामने झाल्यावर हंगाम वैध धरावा, क्रमवारी कोणत्या सूत्राने लावावी आणि बढती व पदावनती यांचे काय करावे, हे स्पर्धा सुरू होण्यापूर्वीच नियमावलीत नमूद करणे हा अशा वादांवरील सर्वांत परिणामकारक उपाय मानला जातो.