गोल्डोराक : नामांतर आणि क्रमभंग

गो नागाई यांची जपानी चित्रमालिका ‘ग्रेंडायझर’ (१९७५-७७) फ्रान्समध्ये जुलै १९७८ पासून ‘गोल्डोराक’ या नावाने सार्वजनिक वाहिनीवर प्रक्षेपित झाली आणि बालप्रेक्षकांत विलक्षण लोकप्रिय ठरली. तिचे श्रेय सामान्यतः नामांतराला दिले जाते. परग्रहावरून परागंदा झालेला नायक ड्यूक फ्लीड तेथे ‘आक्टारुस’ झाला, त्याचा सहकारी कोजी काबुतो ‘आल्कोर’. पहिल्या नावात स्वाती ताऱ्याच्या युरोपीय नावाचा ध्वनी आहे. दुसरे तर आपल्या अरुंधतीचेच नाव! ही नावे ना जपानी, ना फ्रेंच. तथापि बैरुतमध्ये तयार झालेल्या अरबी आवृत्तीत कोजी कोजीच राहिला, आणि मालिका तेथेही गाजली.

अधिक अर्थपूर्ण आहे तो क्रमभंग. कोजी हा मुळात ‘माझिंगर झेड’ (१९७२) या पूर्वमालिकेचा नायक. जपानी मुलांच्या दृष्टीने ‘ग्रेंडायझर’मध्ये त्याला मिळालेले दुय्यम स्थान ही एक प्रकारची पदावनतीच होती. फ्रेंच मुलांनी पूर्वमालिका पाहिलेलीच नव्हती. त्यांच्या लेखी आल्कोर हा प्रारंभापासूनच आक्टारुसचा उतावळा साथीदार होता. मूळ कृतीतील उत्तरकथा अशा रीतीने ग्रहणभूमीत आरंभकथा बनली.