रायफलचा रेग्युलेटर आणि दुरुस्तीची गॅरंटी

डहाणू-तलासरीकडे दुरुस्तीची गॅरंटी बहुधा तोंडीच. तंटा तिथूनच सुरू होतो. एअर रायफलचेच घ्या. सिलिंडरमधील सुमारे २०० बारचा दाब रेग्युलेटर कमी व एकसारखा करतो. आत धूळ किंवा ओल गेली, रबरी रिंग झिजली, की दाब हळूहळू चढतो अन् नेम वरखाली होतो. कारागीर फक्त रिंगची हमी देतो, गिऱ्हाईक अख्ख्या रायफलची समजते. आम्ही कापडवाले रंगाची हमी देतो, शिलाईची नव्हे! पावतीवर बदललेला भाग, तपासलेला दाब आणि मुदत लिहावी. सूरह बकरामध्ये उधारीसुद्धा लिहून ठेवण्याचा हुकूम आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दोन वर्षांच्या आत गिऱ्हाईक आपल्या राहत्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करू शकते, दुकान वापीत असले तरी.