काडतुसाच्या तोंडाची घडी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

मातीच्या चकत्या हवेत उडवून बंदुकीने फोडायचा खेळ अमेरिकेत गावोगावच्या क्लबांत चालतो. ट्रॅप असो की स्कीट, एका फेरीला २५ काडतुसं लागतात, आणि सुट्टीच्या दिवशी लागोपाठ तीन-चार फेऱ्या खेळणारे बरेच असतात. झाडलेल्या पुंगळ्या गोळा करून घरी पुन्हा भरण्याची रीत तिथे यातूनच रुजली. विस्कॉन्सिन राज्यातल्या मेव्हिल गावच्या 'मेक' कंपनीची हातदांड्याची प्रेस तिथल्या कित्येक गॅरेजांत दिसते. (भारतात शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय काडतुसं तयार करता येत नाहीत, त्यामुळे इथे हा घरचा छंद नाही.)

नव्याने भरायला लागलेल्याची पहिली तक्रार ठरलेली: काडतुसाचं तोंड नीट मिटत नाही. त्याला तिथे क्रिंप म्हणतात. पुंगळीच्या वरच्या कडेच्या सहा किंवा आठ चुण्या आत दुमडून केलेली ही घडी. तिच्याबद्दल जितकं सांगितलं जातं, त्यातलं बरंचसं चुकीचं असतं.

सगळ्यांत पसरलेला गैरसमज म्हणजे ही घडी केवळ झाकण आहे, छर्रे सांडू नयेत एवढ्यासाठीच. छर्रे ती धरून ठेवतेच. पण बिनधुराच्या दारूला नीट जळायला सुरुवातीलाच दाब लागतो, आणि उघडण्याआधी घडी क्षणभर जो विरोध करते त्याने तो दाब तयार व्हायला मदत होते. घडी ढिली असेल तर दारू अर्धवट जळते, नळीत तिचे कण पडून राहतात आणि नेहमीच्या दणक्याऐवजी 'फुस्स' आवाज येतो. असा बार झाला की बरेच जण 'काडतूस कमजोर होतं' म्हणून पुढचं भरतात. इथेच घात होतो. छर्ऱ्यांखाली बसवलेला प्लास्टिकचा कप, म्हणजे वॅड, दाब कमी पडल्याने नळीतच अडकलेला असू शकतो, आणि त्यावर दुसरा बार झाडला तर नळी फुटते. आवाज वेगळा आला की थांबायचं, बंदूक उघडून रिकामी करायची आणि नळी आरपार पाहिल्याशिवाय पुढचं काडतूस घालायचं नाही. या नियमाला अपवाद नाही.

मग घडी जितकी खोल आणि घट्ट तितकी चांगली, असं उलटं टोक गाठलं जातं. तेही खरं नाही. कडेपासून घडीची खोली साधारण १.४ मिलिमीटरच्या आसपास ठेवतात आणि ती खोली मोजायच्या मापकाने तपासतात. घडी त्याहून खोल गेली की विरोध वाढतो आणि त्याबरोबर दाबही. बारा बोअरच्या पावणेतीन इंची काडतुसासाठी अमेरिकी उद्योगाने ठरवलेली दाबाची कमाल मर्यादा ११,५०० पीएसआय आहे. मर्यादेच्या जवळ जाणाऱ्या भरतीत अवाजवी खोल घडी धोक्याची ठरू शकते.

घडी बिघडली की दोष प्रेसला देऊन तिचे स्क्रू फिरवत बसणं हा मात्र खरा वेळखाऊ गैरसमज. मोदकाच्या कळ्या नीट मिटणं जसं आतल्या सारणाच्या मापावर असतं, तसंच इथे. पुंगळीत दारू, वॅड आणि छर्रे मिळून जो थर होतो, त्याची उंची कमी पडली तर घडी मधोमध खचते. जास्त झाली तर वर फुगते किंवा मिटतच नाही. प्रेस फक्त दुमडते, आतली जागा तिला भरता येत नाही.

ही उंची चुकते ती बहुतेक पुंगळ्यांच्या सरमिसळीने. क्लबच्या मैदानावरून उचललेल्या पुंगळ्या बाहेरून सारख्या दिसतात, आतून नसतात. विंचेस्टर कंपनीने १९६५ मध्ये आणलेल्या एए पुंगळीचं पोट बुडाकडे निमुळतं होत जातं. फेडरल कंपनीच्या गोल्ड मेडल पुंगळीची भिंत सरळ असते, आत जागा जास्त. एकीसाठी बेतलेला वॅड दुसरीत घातला की घडी बिघडलीच म्हणून समजावं. म्हणून भरण्याआधी पुंगळ्या बनावटीनुसार वेगळ्या करणं हे स्क्रू पिळण्यापेक्षा कितीतरी मोलाचं काम आहे. प्रसिद्ध झालेल्या भरती-तक्त्यांत पुंगळी, प्रायमर (दारू पेटवणारी टोपी), दारू, वॅड आणि छर्ऱ्यांचं वजन हे सगळं एकत्र दिलेलं असतं, कारण दाब त्याच जोडणीचा मोजलेला असतो. घडी खचते म्हणून उंची भरून काढायला चिमूटभर दारू वाढवणारे आढळतात. हा मार्ग साफ बंद समजावा. तक्त्यातली दुसरी, पुंगळीला बसणारी जोडणी निवडणं हाच खरा उपाय.

सहा चुण्या की आठ, याने फरक पडत नाही, असंही ऐकायला मिळतं. पडतो. एकदा दुमडलेलं प्लास्टिक जुन्या रेषा सोडत नाही. आठ चुण्यांच्या पुंगळीवर सहा चुण्यांचा साचा दाबला तर नव्या-जुन्या रेषा एकमेकींना छेदतात आणि तोंड वेडंवाकडं मिटतं. चकत्यांच्या काडतुसांत बहुधा आठ आणि शिकारीच्या बऱ्याच काडतुसांत सहा चुण्या असतात. मोजून साचा बदलायला मिनिटही लागत नाही.

घडीच्या मध्यभागी बारीक भोक राहिलं तर मेणाचा थेंब टाकून भागतं, हा आणखी एक समज. नऊ नंबरचा छर्रा जेमतेम २ मिलिमीटरचा असतो, तो त्या भोकातून निसटतो हे खरं, आणि मेण त्याला अडवतंही. पण ज्या ढिलेपणामुळे भोक पडलं तो तसाच राहतो.

जुन्या माणसांकडून आलेला एक सल्लाही आता कालबाह्य आहे: वॅड जोर लावून दाबून बसवा. कागदी पुंगळ्या आणि पुठ्ठ्या-नमद्याचे वॅड होते तेव्हा त्याला अर्थ होता. प्लास्टिकचा वॅड दारूवर नीट टेकला की पुरे. जास्त दाबला तर त्याचे मधले पाय चेपतात आणि थराची उंची पुन्हा बिघडते.

काडतुसाच्या लांबीचा गोंधळ तर विकत घेतलेली काडतुसं वापरणाऱ्यांतही आहे. खोक्यावरचे पावणेतीन इंच, म्हणजे ७० मिलिमीटर, हे घडी पूर्ण उघडल्यानंतरचं माप. भरलेलं काडतूस त्याहून बरंच आखूड असतं. त्यामुळेच तीन इंची काडतूस पावणेतीन इंची चेंबरमध्ये, म्हणजे नळीतल्या काडतूस बसायच्या जागेत, सहज जाऊ शकतं, पण घडी उघडायला पुढे जागा न मिळाल्याने दाब चढतो. 'आत गेलं म्हणजे चालतं' असं इथे अजिबात नाही.

राहिला पुंगळीच्या आयुष्याचा प्रश्न. ती फाटेपर्यंत वापरता येते असं मानलं जातं, पण तिचं तोंड त्याआधीच थकतं. दर बाराला कडेचं प्लास्टिक भाजतं, मऊ पडतं, चुण्यांच्या रेषांवर बारीक छिद्रं दिसू लागतात आणि घडी धरेनाशी होते. शिवाय प्लास्टिकला मागे सरकायची खोड असल्याने प्रेसमधून निघताना सपाट दिसलेली घडी रात्रीतून थोडी उघडते. म्हणून जाणते लोक नव्या जोडणीची चार-सहा काडतुसं भरून बाजूला ठेवतात आणि घडीची खोली दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजतात. उघडलेली आढळली तर आधी कमी वेळा झाडलेल्या पुंगळ्यांवर तीच जोडणी करून बघतात आणि त्यानंतरच प्रेसला हात लावतात.