सेनापती बापट रोड कुठून सुरू होतो?

पावसाळ्यातला रविवार म्हटला की आपला प्लॅन ठरलेला. चांदणी चौकात भेटायचं, पिरंगुट, पौड मागे टाकायचं आणि ताम्हिणीच्या दिशेने सुटायचं. वाटेत मुळशी धरणाजवळ माले नावाचं गाव लागतं. बहुतेक जण तिथे फार तर चहाला थांबतात. धरणाच्या पाण्यासमोर फोटो काढायचे, स्टोरी टाकायची, पुढे निघायचं. मीही तीन-चार वर्षं हेच करत होते.

या वेळी मात्र मालेतच थांबले. कारण होता माझा एक मित्र. आम्ही कॉलेजात एकाच बेंचवर बसायचो. तो मुळशी तालुक्यातल्याच एका वाडीवरचा. गेल्या उन्हाळ्यात वाडीच्या नळाला पाणी यावं म्हणून त्याने पोरं गोळा केली, अर्ज केले, दोनदा हंडे घेऊन मोर्चा नेला. शेवटी पाणी आलं. आता गावात एकच चर्चा आहे, 'पोराला ग्रामपंचायतीला उभं करा.' दोन्ही पॅनेलांचे लोक घरी येऊन गेले. आणि हा अडकलाय.

'उभा राहिलो तर लोक म्हणणार, याने मोर्चा यासाठीच काढला होता. नाही राहिलो तर पुढच्या उन्हाळ्यात परत हंडे घेऊन आपणच रस्त्यावर. तू पत्रकार ना, सांग काय करू?'

मला उत्तर सुचलं नाही. पण आम्ही उभे होतो त्या पाण्याच्या काठावर १०० वर्षांपूर्वी याच प्रश्नाची एक मोठी गोष्ट सुरू झाली होती.

जान किंवा जमीन

टाटा कंपनीला मुंबईसाठी वीज तयार करायची होती. त्यासाठी मुळा आणि निळा नद्यांचं पाणी अडवून मुळशी खोऱ्यात धरण बांधायचं ठरलं. पन्नासच्या आसपास गावं त्यात जाणार होती. मावळे शेतकरी भाताची खाचरं सोडायला तयार नव्हते. १६ एप्रिल १९२१, रामनवमीचा दिवस. त्या दिवशी मुळशी सत्याग्रह सुरू झाला. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा. महात्मा गांधींनीही तेव्हा 'यंग इंडिया'मध्ये मुळशीकरांची बाजू मांडली होती. धरणाविरुद्धचं जगातलं हे पहिलं संघटित आंदोलन, असं अभ्यासक मानतात.

या लढ्यात विनायकराव भुस्कुटे होते आणि पांडुरंग महादेव बापट होते. बापट मूळचे पारनेरचे. डेक्कन कॉलेजचे विद्यार्थी, म्हणजे आपले सीनियरच. शिष्यवृत्तीवर एडिंबरोला गेले, पॅरिसमध्ये बाँब बनवण्याची विद्या शिकून परत आले. मुळशीत ते पुनःपुन्हा तुरुंगात गेले. शेवटी धरणाच्या कामाची रेल्वे अडवली म्हणून त्यांना सात वर्षांची सक्तमजुरी झाली. १९३१ मध्ये ते सुटले.

तोवर धरण उभं राहिलं होतं. खाचरं पाण्याखाली गेली होती. ज्या सावकारांच्या नावावर जमिनी होत्या, त्यांना मोबदल्यात रस होता. कसणाऱ्यांचं मात्र सगळंच गेलं. थोडक्यात, लढा हरला. पण 'सेनापती' ही पदवी बापटांना मिळाली ती याच हरलेल्या लढ्यात!

आपण ज्या एसबी रोडवर कॉफी प्यायला जातो, त्यातला 'एस' म्हणजे हा. ही पदवी कुठल्या सरकारने दिलेली नाही. ती मुळशीची आहे.

खुर्चीचे वेगवेगळे रस्ते

मग पुढे काय झालं? लढ्यातून आलेली माणसं नंतर कुठे जातात?

महाराष्ट्रातच बघा. १९४२ च्या चळवळीत साताऱ्यात भूमिगत असलेले यशवंतराव चव्हाण १९४६ मध्ये विधानसभेत गेले. १९६० मध्ये महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री झाले, १९६२ मध्ये देशाचे संरक्षणमंत्री. त्याच साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटलांनी प्रतिसरकार चालवलं. तेही संसदेत गेले, पण विरोधी बाकावर. १९५७ मध्ये साताऱ्यातून आणि १९६७ मध्ये बीडमधून. दोघांची माती एक, चळवळ एक, वाटा मात्र वेगळ्या.

गोव्याचं उदाहरण तर अजून जवळचं आहे. मे १९५५ मध्ये पोर्तुगीजांविरुद्ध सत्याग्रहींची तुकडी गोव्यात शिरली. तिच्यात नानासाहेब गोरे होते आणि ७४ वर्षांचे सेनापती बापटही होते. गोऱ्यांनी गोव्याच्या तुरुंगात दिवस काढले आणि १९५७ मध्ये ते पुण्याचे खासदार झाले. पुढे ब्रिटनमध्ये भारताचे उच्चायुक्तही झाले. बापट? ते संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात दिसले. आणि १९६६ मध्ये, ८५ व्या वर्षी, सीमाभागातल्या मराठी माणसांसाठी मुंबईत उपोषणाला बसले. त्यानंतर महाजन आयोग नेमला गेला.

म्हणजे हा माणूस राजकारणापासून लांब होता असं मुळीच नाही. १९३१ मध्ये ते महाराष्ट्र प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्ष होते. १५ ऑगस्ट १९४७ ला पुण्यात तिरंगा त्यांच्या हस्ते फडकला. पण आमदार, खासदार, मंत्री यातलं काहीच त्यांच्या नावापुढे लागलं नाही.

पुण्याई किती वर्षं पुरते?

मला इथे सोपा निष्कर्ष काढायचा मोह झाला होता. खुर्ची घेतली नाही तो मोठा, घेतली तो लहान. पण ते खरं नाही. सगळेच बापटांसारखे बाहेर राहिले असते, तर नवीन राज्य चालवलं कोणी असतं? शाळा, धरणं, कायदे, बजेट, हे मोर्चातून होत नाही. कोणीतरी आत बसावंच लागतं.

अडचण वेगळीच आहे. लढ्यातून आलेल्या नेत्याकडे एक पुण्याई असते. तुरुंगात काढलेली वर्षं, खाल्लेल्या लाठ्या. लोक त्या पुण्याईवर विश्वास टाकतात, मत देतात. पण ती बँकेतल्या एफडीसारखी दरवर्षी वाढत नाही, वापरली की संपत जाते. आणि काही नेत्यांना ती संपल्याचं कळतच नाही.

जगातली दोन नावं शेजारी ठेवून बघा. नेल्सन मंडेला २७ वर्षं तुरुंगात होते. १९९४ मध्ये दक्षिण आफ्रिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले आणि एकच टर्म करून १९९९ मध्ये बाजूला झाले. शेजारच्या झिम्बाब्वेत रॉबर्ट मुगाबे. तेही स्वातंत्र्यासाठी दहा वर्षांहून जास्त तुरुंगात होते. १९८० मध्ये सत्तेवर आले तेव्हा लोकांनी डोक्यावर घेतलं. पण उठलेच नाहीत. ३७ वर्षांनी, २०१७ मध्ये, सैन्याने हात घातला तेव्हा खुर्ची सुटली. सुरुवात दोघांचीही तुरुंगातच झाली होती. फरक पडला तो कधी उठायचं हे कळण्यात. टांझानियाच्या ज्युलियस न्येरेरेंना ते कळलं. दोन दशकांहून जास्त सत्तेत राहिले खरे, पण १९८५ मध्ये स्वतःहून पायउतार झाले.

बापटांनी तर ही पुण्याई मतांसाठी कधी वापरलीच नाही. ती त्यांनी दर वेळी पुढच्या लढ्यात घातली. मुळशीची गोव्यात, गोव्याची संयुक्त महाराष्ट्रात, तिथली सीमाभागात. म्हणून मुळशी हरूनही ते सेनापती राहिले.

वहीतला हिशेब

हे सगळं मी मित्राला सांगितलं. चहा गार झाला होता. समोर मुळशीचं पाणी, त्याच्याखाली कुणाची तरी खाचरं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, 'म्हणजे उभा राहू की नको, हा प्रश्नच चुकीचा आहे. उभा राहून पाणी बंद झालं, तर मी स्वतःच्याच विरोधात मोर्चा काढू शकेन का, हा खरा प्रश्न आहे.'

इतिहासाच्या कुठल्याच पेपरात मला हा प्रश्न आला नव्हता.

अर्ज भरायचा की नाही हे त्याचं अजून ठरलेलं नाही. एक गोष्ट मात्र त्याने ठरवली आहे. मोर्चासाठी आणि पाइपसाठी वाडीतून जी वर्गणी गोळा झाली, तिची एक वही त्याच्याकडे आहे. दहा-दहा रुपयांच्या नोंदी. उमेदवार होवो न होवो, पुढच्या ग्रामसभेत ती वही तो सगळ्यांसमोर वाचणार आहे. मला म्हणाला, 'तू ये. पत्रकार म्हणून नको, हिशेब तपासायला ये.'

मी जाणार आहे.

तुम्हीही पुढच्या रविवारी ताम्हिणीला निघालात तर मालेत पाच मिनिटं जास्त थांबा. पुण्यातला सेनापती बापट रोड नकाशात कुठूनही सुरू होऊ दे. खरा सुरू होतो तो इथून.