जातिवृत्तीय वर्गीकरण

सजीवांचे गट केवळ बाह्य साम्यावरून न पाडता समान पूर्वजापासून झालेल्या त्यांच्या उत्पत्तीच्या आधारे पाडण्याच्या पद्धतीस जातिवृत्तीय वर्गीकरण म्हणतात. कार्ल लिनीअस यांनी 1735 मध्ये मांडलेली वनस्पतींची वर्गवारी मुख्यतः केसरदलांच्या संख्येवर आधारलेली असल्याने सोयीची, पण कृत्रिम होती. चार्ल्स डार्विन यांच्या 1859 मधील ग्रंथानंतर वर्गीकरण हे वंशावळीचे द्योतक असावे, हा विचार दृढ झाला. जर्मन कीटकवैज्ञानिक व्हिली हेनिग यांनी 1950 मध्ये त्यास काटेकोर पद्धतीचे रूप दिले. या पद्धतीत एका पूर्वजाचे सर्व वंशज ज्यात येतात, तोच नैसर्गिक गट मानतात. त्या पूर्वजात नव्याने उद्भवून वंशजांत उतरलेली लक्षणे हाच त्याचा पुरावा होय.

बाह्य साम्य कसे फसवे ठरते, याचे उदाहरण कोकणातील खारफुटीत मिळते. रायगड जिल्ह्यात पेण तालुक्यालगतची धरमतर खाडी व रोह्याकडून रेवदंड्याकडे जाणारी कुंडलिकेची खाडी यांच्या काठी अशी वने आहेत. तिवर व चिप्पी हे दोन्ही वृक्ष खारट चिखलात वाढतात आणि दोघांचीही श्वसनमुळे चिखलातून वर येतात. तथापि त्यांचे जवळचे नाते नाही. तिवराचा समावेश पूर्वी साग कुलात किंवा स्वतंत्र कुलात करीत. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए अभ्यासाने त्याचे नाते अडुळसा, कोरांटी यांच्या वासक कुलाशी जुळविले. चिप्पी आता मेंदी, तामण, डाळिंब व शिंगाडा यांच्या कुलात मोडते. कांदळाचे कुल या दोहोंहून वेगळे आहे. श्वसनमुळे ही सारख्या परिस्थितीमुळे निरनिराळ्या वंशांत स्वतंत्रपणे उद्भवली. यास अभिसारी क्रमविकास म्हणतात.

म्हणून ‘खारफुटी’ हे नाव अधिवासाचे आहे, वंशाचे नव्हे. या भेदास व्यावहारिक महत्त्वही आहे. तिवर पानांतील ग्रंथींवाटे मीठ बाहेर टाकते, तर कांदळ ते मुख्यतः मुळांशीच अडविते. खारभूमीतील भातशेतीच्या बांधांबाहेर लाटांचा मारा सौम्य करण्यासाठी खारफुटीची लागवड करताना एका जातीचा अनुभव दुसरीस सरसकट लागू करता येत नाही. प्रत्येक जातीची सहनशीलता व जागेची भरती-ओहोटी स्वतंत्रपणे पाहावी लागते.