टॅपेटची फट आणि खोटा 'टी'

सेकंडहँड गाडी विकणारा एक वाक्य हमखास बोलतो: 'इंजिन एकदम सायलेंट आहे.' पप्पांनी जुनी स्प्लेंडर घेतली ती याच वाक्यावर. आमचं गाव आदिलाबाद जिल्ह्यात, बेला मंडळात. पैनगंगा ओलांडली की महाराष्ट्र. गाडीला आवाज खरंच नव्हता. पण सकाळी किक मारून मारून पाय दुखायचा आणि रविवारी मिस्साला उशीर ठरलेला. आवाज नव्हता हाच आजार होता, हे मला दिवाळीच्या सुट्टीत कळलं.

इंजिनाच्या डोक्यात दोन झडपा असतात. एक पेट्रोल-हवा आत घेते, दुसरी धूर बाहेर सोडते. त्यांना दाबणाऱ्या रॉकरच्या टोकाला स्क्रू असतो, त्यालाच आपण टॅपेट म्हणतो. स्क्रू आणि झडपेची दांडी यांत बारीक फट ठेवावी लागते, कारण तापल्यावर धातू वाढतो. गाडी धावते तशी झडप आपल्या बैठकीत झिजून रुतते, दांडी वर येते आणि फट कमी होते. फट संपली की आवाजही संपतो. पण झडप नीट मिटत नाही, दाब निसटतो आणि धुराची झडप जळू लागते. म्हणून टॅपेटची हलकी टिकटिक हवीच.

आमच्या गाडीच्या पुस्तिकेत दोन्हींची फट ०.०५ मिलीमीटर दिली आहे, म्हणजे वहीच्या कागदाच्या साधारण निम्मी. तुमच्या मॉडेलचा आकडा वेगळा असू शकतो, तो बघूनच हात घाला. इंजिन पूर्ण थंड हवं, रात्रभर उभी असलेली गाडी उत्तम.

आता टायमिंग. खरी गंमत इथेच आहे, आणि मी इथेच फसले.

प्लग काढा, म्हणजे इंजिन हलकं फिरतं. डाव्या कव्हरवरची दोन्ही झाकणं उघडा. मधल्या भोकातून पाना घालून इंजिन घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरवा. वरच्या भोकात मॅग्नेटवरची 'टी' ही खूण खाचेसमोर आली की पिस्टन सर्वात वर. (शेजारची 'एफ' ठिणगीची आहे, तिला भुलू नका.) मी 'टी' जुळवला आणि खूश झाले. पण फिलर गेजची पट्टी दोन्हीकडे शिरेना. मला वाटलं, टॅपेट फारच टाइट झालेत. दोन्ही स्क्रू ढिले केले, पट्टी बसवली, नट आवळले. गाडी सुरू झाली ती शिलाई मशीनसारखी खडखडत, आणि ओढ पहिल्यापेक्षा कमी!

गल्लीतल्या मेकॅनिक चाचांनी ऐकूनच विचारलं, "बेटा, कौनसे टी पे सेट किया?"

फोर-स्ट्रोकमध्ये एका कामाला क्रँकच्या दोन फेऱ्या लागतात. कॅम त्याच वेळात एकच फेरी घेतो. म्हणून 'टी' दोनदा येतो. एकदा दाबाच्या शेवटी, दोन्ही झडपा बंद असताना. दुसऱ्यांदा धूर बाहेर जाऊन नवी हवा आत येताना, तेव्हा दोन्ही झडपा किंचित उघड्या असतात. मी या दुसऱ्या, खोट्या 'टी'वर सेटिंग केलं होतं. ओळखायची युक्ती सोपी: 'टी' जुळल्यावर दोन्ही रॉकर बोटांनी हलवून बघा. जरासा खेळ लागला तर तो खरा 'टी'. कडक असतील तर आणखी एक पूर्ण फेरी द्या. माझ्यासारखे टॅपेट खरोखरच टाइट झाले असतील तर खेळ दोन्ही वेळा लागणार नाही. अशा वेळी फिरवताना हवेच्या झडपेवर नजर ठेवा. ती दबून वर आली की त्यानंतरचा पहिला 'टी' खरा.

पट्टी लोण्यातून सुरी जावी तशी जायला नको, अडायलाही नको. किंचित ओढल्यासारखी लागायला हवी. नट आवळताना स्क्रू स्वतःही फिरतो, म्हणून आवळून झाल्यावर पट्टी पुन्हा घाला. मला चार वेळा करावं लागलं.

दुसऱ्या दिवशी पप्पांनी किक मारली. पहिल्याच किकला गाडी सुरू झाली. ते कान देऊन थांबले आणि म्हणाले, "अगं, ही टिकटिक करतेय. काय बिघडवलंस?"